दोन बोटांची खूण

सिंगापूरच्या मराठी मंडळाने त्याचा सत्कार करायचं ठरवलं तेव्हा शाल आणि श्रीफळ देण्याचं काम मी स्वतः मागून घेतलं. अध्यक्षांना बरं वाटलं. जुना सहकारी, एकाच गावचा, एकाच संघातला, म्हणजे शोभेलच, असं ते म्हणाले. माझी बायको मात्र भाजी चिरता चिरता थांबली. ज्या माणसाचा विषय मी वीस वर्षं घरात काढू दिला नव्हता त्याला मी नारळ देणार होतो. तिने विचारलं, "तुमच्या मनात काय आहे?" मी म्हटलं, काही नाही.

मनात होतं ते असं. त्याच्या हातात आता चहाचा कपसुद्धा राहत नव्हता. हे मला माहीत होतं आणि मंडळातल्या कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आपल्याकडे सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ, मानपत्र. माणूस आंधळा असला तरी त्याला मानपत्र देतील आणि हात लुळे पडलेले असले तरी नारळ. मी तो नारळ त्याच्या दोन्ही हातांत ठेवणार होतो आणि माझे हात काढून घेणार होतो. पुढचं काम नारळाने करायचं होतं. सगळ्यांच्या देखत त्याच्या हातातून काहीतरी सुटावं आणि त्या आवाजाने सगळा हॉल गप्प व्हावा, एवढंच मला पाहिजे होतं. माझ्या हातातून सुटलं तेव्हाही सगळे गप्प झाले होते.

आम्ही दोघे अमरावतीचे. तिथे क्रिकेट होतंच, पण आमच्या कॉलेजच्या मैदानावर बेसबॉलही होता आणि तो आम्ही हट्टाने खेळायचो. क्रिकेटमध्ये मुंबई-पुण्याची पोरं आमच्या पुढे असायची. बेसबॉलमध्ये त्यांना आम्ही धूळ चारायचो. तो पिचर होता, म्हणजे चेंडू फेकणारा, आणि मी कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून तो चेंडू अडवणारा. त्याच्यासारखा पिचर आमच्या भागात आधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही, हे मी आजही मान्य करतो. मालाची किंमत पाडायची म्हणून चांगल्या मालाला वाईट म्हणण्याची माझी पद्धत नाही. त्याचा चेंडू माझ्या ग्लोव्हवर आदळला की आवाज कॅन्टीनपर्यंत जायचा आणि चहा पिणारे लोक कप तसेच हातात घेऊन मैदानाच्या कडेला येऊन उभे राहायचे. बघायला त्याला यायचे. माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं त्या चेंडूंनी सुजून कायमची जाड झाली, ती बघायला कोणी आलं नाही.

माझे वडील कापडाच्या दुकानात नोकर होते. ग्लोव्ह विकत घ्यायची ऐपत नव्हती. कॉलेजचा फाटका ग्लोव्ह मी चांभाराकडून तीन वेळा शिवून घेतला होता. सात वर्षं मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. त्याच्या बायकोने त्याला पाहिलं नसेल तितकं मी त्याला समोरून पाहिलं आहे. सरळ वेगाचा चेंडू टाकायचा असला की तो उजव्या हाताचा अंगठा पँटच्या शिवणीवर एकदा वरून खाली पुसायचा. ही सवय त्याची त्याला माहीत नव्हती. मी सांगितली नाही, कारण सांगितली असती तर त्याने सोडली असती आणि मला ती उपयोगी होती.

आता खुणेबद्दल सांगतो. कॅचर मांड्यांच्या मध्ये हात धरून बोटांनी खूण करतो, म्हणजे फलंदाजाला दिसत नाही. आमच्यात एक बोट म्हणजे सरळ आणि दोन बोटं म्हणजे वळणारा. पिचरला पटलं तर तो मान खाली करून होकार देतो. नाही पटलं तर मान हलवतो आणि कॅचर दुसरी खूण करतो. एकदा होकार दिला की तोच चेंडू यायला पाहिजे, कारण कॅचर त्या जागी हात नेऊन बसलेला असतो. एवढ्या वेगात बदल करायला वेळ नसतो. हा करार आहे. लेखी नसतो, पण मी आयुष्यात जेवढे करार केले त्यात याच्याइतका पक्का दुसरा नाही.

राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना होता. दोन्ही संघ बरोबरीत, शेवटची खेळी, समोरच्यांचा एक धावपटू तिसऱ्या कोपऱ्यावर, घरी म्हणजे फलंदाजाच्या जागेपर्यंत पळून धाव घ्यायला टपून बसलेला. फलंदाज दांडगा होता आणि सरळ चेंडूची वाट पाहत होता. मी दोन बोटं दाखवली. त्याने होकार दिला. मी बाहेरच्या बाजूला खाली हात नेला. मग त्याने मान वर करून मांडवाकडे पाहिलं, तिथे निवड समितीचे लोक बसले होते. आणि अंगठा शिवणीवर पुसला.

मला कळलं, पण फार उशिरा. चेंडू सरळ आणि आतून आला, माझ्या ग्लोव्हला घासून मागच्या जाळीवर गेला. मी उठून मागे धावलो तोवर तिसऱ्या कोपऱ्यावरचा घरी पोचला होता. सामना गेला. आमचे सर धावत मैदानात आले आणि सगळ्या संघासमोर मला विचारलं, हातात काय तेल लावून बसला होतास का. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या सर. होतं असं एखाद्या वेळी."

त्याने मला माफ केलं. स्वतःच्या चुकीबद्दल मला माफ केलं, चारचौघांत, खांद्यावर हात ठेवून. तो नुसता गप्प बसला असता तर मी कदाचित विसरलो असतो. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याच्या मनाच्या मोठेपणावर चार ओळी आल्या. त्यानंतर मी खूण आणि होकार हे ज्याला ज्याला सांगितलं त्याला वाटलं, हा आपलं पाप त्या भल्या माणसावर ढकलतो आहे. गावात मी 'गळकी बादली' झालो. चहाच्या टपरीवर गेलो की कोणीतरी म्हणायचं, "बादली आली रे, पाणी सांभाळा." त्याला राष्ट्रीय शिबिराला बोलावलं, मग खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत नोकरी लागली. मला कुठूनच पत्र आलं नाही.

मी गाव सोडलं. भिवंडीच्या गोदामात हमालांवर मुकादम होतो, मग एका फर्निचरवाल्याकडे, आणि त्याच्याच कामाने सिंगापूरला आलो तो इथलाच झालो. माझा धंदा जुन्या ऑफिस फर्निचरचा. कंपनी बंद पडली किंवा जागा बदलली की तिथली टेबलं, खुर्च्या, कपाटं मी उचलतो आणि नव्याने दुकान मांडणाऱ्याला देतो. इथल्या चिनी व्यापाऱ्यांशी घासाघीस करणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, असं मला नवा असताना सांगितलं होतं. मी त्यांच्याकडूनच शिकलो आणि त्यांच्याच पुढे गेलो. दोन गोष्टी मी कधी मोडल्या नाहीत. पहिली बोली घ्यायची नाही. आणि बोलणं अडलं की उठून दाराकडे चालू लागायचं, सावकाश, मागे न बघता. समोरच्याला सौदा पाहिजे असेल तर तो हाक मारतो. मला आजवर प्रत्येकाने हाक मारली आहे.

सार्सची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षी बँकेने त्याला सिंगापूरला पाठवलं. घर घेतलं तेही टॅम्पिनीसमध्ये, माझ्यापासून तीन ब्लॉक सोडून. मंडळातल्या बँकवाल्यांना आणि अकाउंटंटांना आकाशातून देव उतरल्यासारखं झालं. दर रविवारी तो त्या पोट सुटलेल्या लोकांना घेऊन मैदानावर सॉफ्टबॉल शिकवू लागला, आणि ते लोक घरी जाऊन पोरांना सांगू लागले की आज आम्ही कोणाच्या हातचा चेंडू खेळलो. मला बोलावलं, मी गेलो नाही. मग गणपतीत तो स्वतःच समोर आला. दहा लोक भोवती होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय बे बादली, कसा आहेस?"

प्रेमाने म्हणाला. म्हणून जास्त लागलं. मी प्रसादाची वाटी होती तशी टेबलावर ठेवली आणि घरी आलो.  इथल्या मराठी लोकांत बादलीची गोष्ट पसरायला दोन दिवस पुरले.

पुढच्या वर्षी मंडळाची सहल पुलाउ उबीन बेटावर गेली. बायकोने हट्ट धरला म्हणून मीही गेलो. लाकडी बोटीतून उतरल्यावर सगळ्यांनी भाड्याच्या सायकली घेतल्या. एका उतारावर तो माझ्या पुढे होता आणि त्याची सायकल झाडीत घुसली. सगळे हसले, तोही हसला, म्हणाला ब्रेक खराब आहे. मी ती सायकल उचलली आणि ब्रेक दाबून पाहिला. ब्रेक उत्तम होता. मग मी त्याचा उजवा हात पाहिला. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये जो मांसल उंचवटा असतो तो बसला होता, खड्डा पडला होता तिथे. जेवताना पाण्याच्या बाटलीचं झाकण त्याने दातांनी उघडलं. सात वर्षं मी फक्त तो हात पाहिला होता. त्या बेटावर पन्नास माणसं होती, त्यात त्याची बायकोही होती, पण त्या हाताला काहीतरी झालंय हे फक्त मला कळलं.

मी कोणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही. त्यानेही एकदा खरं सांगितलं नव्हतं, आता माझी पाळी, असं म्हणून मी भात संपवला.

त्याला स्वतःला कळायला आणखी आठ महिने लागले. रविवारी चेंडू हातातून निसटू लागले तेव्हा लोक म्हणाले वय झालं. मग शर्टाची बटणं लागेनात. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या आणि निदान झालं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, जीभ, गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत जागं राहतं. औषध नाही. अमेरिकेत हा आजार एका थोर बेसबॉलपटूच्या नावाने ओळखला जातो. त्या खेळाडूच्या हातातली बॅटही अशीच एका हंगामात निकामी झाली होती. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा तो म्हणे हसला आणि म्हणाला, म्हणजे माझी निवड झाली.

त्याच सुमारास नोव्हेनातल्या एका दवाखान्याच्या खुर्च्या बदलायचं काम माझ्याकडे होतं. माल उतरवून घेताना मी तिथल्या डॉक्टरला सहज विचारावं तसं विचारलं की असा आजार आठ महिने आधी कळला असता तर. तो म्हणाला, काही फरक पडला नसता. मी खुर्च्या लावून झाल्यावर पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं आणि विचारलं, घरात कोणाला आहे का. मी म्हटलं, नाही.

सत्कार ठरला तो यानंतर. तोवर तो चाकाच्या खुर्चीत होता आणि जिभेवर जडपणा उतरला होता. दोन-तीन महिन्यांत आवाज जाईल असं सांगितलेलं होतं. म्हणजे तो माइकवर काही बोलायचा असेल तर हीच शेवटची वेळ. मी हिशोब केला आणि एका दुपारी त्याच्या घरी गेलो.

वहिनींनी दार उघडलं आणि मला पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं मी सगळं विसरून आलो. त्यांची मुलगी सेकंडरी शाळेत होती, बापाला नळीने चहा पाजत होती. ग्लास बाजूला ठेवून इथल्या पोरांच्या इंग्रजीत मला म्हणाली, "अंकल, टेन मिनिट्स ओन्ली हां. बाबा व्हेरी टायर्ड लाह." आणि आत गेली.

"बस बे," तो म्हणाला. शब्द तोंडात घोळून बाहेर येत होते, पण मला सगळे कळले.

मी बसलो नाही. मी म्हटलं, सत्काराला तुला दोन शब्द बोलायला सांगतील, त्यात माझ्यासाठी एक वाक्य बोल.

"कोनतं?"

"कॅचरने वळणारा मागितला होता, मी हो म्हणून सरळ टाकला."

 तो म्हणाला, "मले नाही आठवत."

आणि त्याचा उजवा खांदा हलला. अंगठा हलत नव्हता, हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता, पण खांद्याने जुनी सवय सोडली नव्हती. हात शिवणीवरून खाली सरकवायला खांदा झटका देत होता.

मी म्हटलं, "लेका, खोटं बोलताना तरी अंगठा पुसू नको."

त्याला हसू आलं. त्या आजारात हसू आलं की थांबत नाही, ते त्याच्या हातात नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसत राहिला. शांत झाल्यावर म्हणाला, "पोरगी पुढच्या रांगेत बसनार हाय. तिच्या बापाजवळ आता तेवढंच उरलं. ते बी तुलेच पाहिजे?"

"मला माझं पाहिजे."

"नाही देत."

मी दाराकडे चालू लागलो. त्याने हाक मारली नाही. दाराशी मी थांबलो, हे मी आयुष्यात प्रथमच केलं, आणि मागे वळून म्हटलं, "नारळ माझ्या हातून घ्यायचा आहे. ठेव लक्षात." त्याने मान वाकवून स्वतःच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मी काय करणार ते त्याला तेव्हाच कळलं असलं पाहिजे. "ये," एवढंच म्हणाला.

नारळ आणायला मी टेक्का मार्केटला गेलो. दहा-बारा नारळ हातात घेऊन पाहिले आणि सगळ्यांत जड होता तो निवडला, शेंडीवाला. तमिळ दुकानदार मला ओळखत होता, घासाघिशीच्या तयारीने उभा राहिला. मी त्याने मागितले तेवढे पैसे दिले. तो नारळ उलटा करून पाहू लागला, कुठे तडा तर नाही ना.

कम्युनिटी क्लबचा हॉल भरला होता. स्टेजवरची पाहुण्यांची खुर्चीही माझ्याच गोदामातली होती, एका बंद पडलेल्या कंपनीच्या डायरेक्टरची, उंच पाठीची. मी मंडळाला फुकट दिली होती. त्याला उचलून तीत बसवलं. त्याचा आवाज सगळ्यांच्या अंदाजाच्या आधीच गेला होता. आठवड्यापूर्वी तो अक्षरं ओढत होता, आता नुसता घशातून सूर येत होता. मुलगी त्याचे आभार वाचून दाखवणार होती, कागद तिच्या मांडीवर होता.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. अध्यक्ष पुण्याचे, माणूस सरळ, वाचून येणारा. त्यांनी जुन्या पेपरातलं कात्रण कुठून तरी मिळवलं होतं. खेळाडू अनेक असतात, ते म्हणाले, पण अंतिम सामना सहकाऱ्याच्या चुकीमुळे हातचा गेला असताना भर मैदानात त्या सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवणारा विरळा. टाळ्या झाल्या. चूक केलेला तो सहकारी मीच, हे अध्यक्षांना माहीत नव्हतं. निम्म्या हॉलला माहीत होतं. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी हसू दाबलं. नारळ मी इतका घट्ट धरला होता की त्याची साल तळव्यात रुतली. मी स्टेजवर पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. बोलायला आवाज नव्हता हे खरं, पण मान हलवून नाही म्हणता आलं असतं. मान अजून हलत होती.

मला वर बोलावलं. शाल मी त्याच्या खांद्यांवर घातली. मग नारळ घेतला, त्याच्यासमोर उभा राहिलो, त्याचे दोन्ही हात जुळवून त्यांच्या ओंजळीत ठेवला. हात गार होते. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा. तो फोटोवाल्याकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. मी हात काढून घेतले.

नारळ क्षणभर त्याच्या मनगटांच्या खोबणीत राहिला. मग घरंगळला.

पुढचं मी केलं नाही. माझ्या गुडघ्यांनी केलं. मला खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायचा, तो मी एका झटक्यात उकिडवा बसलो होतो, आणि डावा हात स्टेजच्या फळीपासून वीतभर वर त्या नारळाखाली होता. उजवा वरून झाकलेला. त्या माणसाच्या हातातून जे सुटेल ते अडवायचं, हे त्या हातांना सात वर्षं शिकवलेलं होतं, आणि मी वीस वर्षं जे मनात धरून बसलो होतो ते त्यांना कोणी कळवलं नव्हतं. हॉलमध्ये एकदम हशा आणि टाळ्या उठल्या. कोणीतरी म्हणालं, "बादली नाही गळली रे."

मी माझ्या हातांवर इतका चिडलो होतो की मला उठताच येईना. नारळ धरून त्याच्यासमोर तसाच उकिडवा बसून राहिलो. तेव्हा त्याचा उजवा हात हलला. शालीच्या आड, मांडीवर. आधी मला थरथर वाटली. मग तर्जनी आणि मधलं बोट बाकीच्या बोटांपासून हळूहळू सुटी झाली, खूप श्रमाने, जसं कोणी चिकटलेली पानं वेगळी करतं. दोन बोटं. मग त्याने माझ्या डोळ्यांत पाहत मान खाली केली. होकार.

तू दोन दाखवलीस. मी हो म्हणालो होतो, हे तो सांगत होता. त्याला सगळं आठवत होतं, पहिल्यापासून.

सगळा हॉल आमच्याकडे पाहत होता आणि कोणालाही काही दिसलं नाही. चूक केली होती शेकडो लोकांसमोर आणि कबुली देत होता शालीच्या आड, जी जगात एकट्या मला वाचता येते. मला साक्षीदार पाहिजे होते. माइक हातभर अंतरावर होता, मुलगी पुढच्या रांगेत होती, तिला खुणेने काही सांगता आलं असतं. ही पहिली बोली होती. मी मान हलवली. नाही.

त्याने पुन्हा दोन बोटं केली. मी पुन्हा मान हलवली.

नारळ मी त्याच्या मांडीवर शालीत ठेवला, उठलो, पायऱ्या उतरलो आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागलो. सावकाश, मागे न बघता. माझी बायको खुर्चीतून अर्धी उठली, मी तिला हाताने बसवलं. दारापर्यंत पोचेस्तोवर मी वाट पाहत होतो. मागे माइक खरखरला आणि त्याच्या मुलीचा आवाज आला, ती इंग्रजीत सगळ्यांचे आभार मानत होती. मी बाहेर लिफ्टपाशी बराच वेळ उभा राहिलो. ज्याच्या घशातून शब्द निघत नाही तो मागून हाक कशी मारणार, हे मला तिथे उभा असताना सुचलं. अजूनही परत आत जाता आलं असतं. मी गेलो नाही. पाहिजे असेल तर तो बोलावेल, कोणाला तरी पाठवेल, असंच मी स्वतःला सांगत राहिलो, त्या दिवशी आणि पुढचे पाच महिने.

तो गेला तेव्हा मी मंडाईच्या स्मशानात दहनाला गेलो, सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. तेराव्याला बायको मला ओढून घेऊन गेली. त्याची मुलगी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून तिथेच उभी राहिली. म्हणाली, शेवटी शेवटी दारावरची बेल वाजली की बाबा उजव्या हाताची दोन बोटं सुटी करायचा. प्रत्येक वेळी. आम्हाला वाटायचं दोन उश्या पाहिजेत, नाहीतर टीव्हीचा दोन नंबरचा चॅनेल. आलेला माणूस आत येऊन दिसला की बोटं मिटायची. तिने तिची दोन बोटं माझ्यासमोर धरली.

"अंकल, व्हॉट इज धिस? यू नो, राइट?"

साक्षीदार समोर उभा होता, स्वतःहून विचारत होता. जिच्यापासून त्याने ते लपवलं तीच मुलगी. मी तोंड उघडलं. मी तिला सांगितलं की ही वळणाऱ्या चेंडूची खूण आहे. कॅचर ती मागतो. तुझा बाप फार चांगला वळवायचा. तिने मान डोलावली आणि ती बोटं स्वतःकडे वळवून पाहत आत गेली.

मी त्याला माफ केलेलं नाही. कोणी विचारलं तर तसंच सांगतो. उरलेली गोष्ट मी इथे पुरती लिहिली आहे, होकारापासून अंगठ्यापर्यंत, काही न गाळता. त्याच्या मुलीला मराठी वाचता येत नाही. मंडळातल्या सगळ्यांना येतं.